बारा करडे घोडे आणि वरातीमागून आलेला बेस

धातूच्या छोट्या सैनिकांनी टेबलावर जुन्या लढाया खेळायचा आमचा छंद. त्या दिवशी माझी घोडदळाची तुकडी टेबलावर मांडून जेमतेम मिनिट झालं असेल. समोरचा भिडू मोजपट्टी हातात घेऊन वाकला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, हे घोडे खडूचे केलेस का?"

वाईट वाटलं, कारण त्या बारा आकृत्यांवर माझे दोन महिने गेले होते. त्याहून वाईट म्हणजे तो खरं बोलत होता. हातात घेतल्यावर प्रत्येक स्वार देखणा होता. कॉलरचा निळा, छातीवरची पिवळी फीत, गालावरचा तांबूसपणा, सगळं जागच्या जागी. पण टेबलावर हातभर अंतरावरून पाहिलं की खाली एक पांढरा गठ्ठा आणि वर लाल ठिपके. त्यातच पुढच्या रांगेला मागची रांग टेकेना. मागच्या घोड्यांची तोंडं पुढच्यांच्या शेपटांवर आदळत होती, आणि तीन बेसचे, म्हणजे आकृत्या ज्यांवर चिकटवतात त्या चौकोनी पाट्यांचे, कोपरे वाळलेल्या पानासारखे वर आले होते.

ही तुकडी मी पुन्हा कशी उभी केली, काय खरवडलं, काय तसंच सोडलं आणि कुठे दुसऱ्यांदा चुकलो, ते इथे क्रमानं मांडतो.

तुकडी होती 1815 च्या ब्रिटिश सैन्यातली दुसरी रॉयल नॉर्थ ब्रिटिश ड्रगून्स ही घोडदळाची पलटण, म्हणजे सगळे ज्यांना स्कॉट्स ग्रेज म्हणतात ती. 28 मिमी मापाच्या (उभा माणूस साधारण तेवढा उंच), पांढऱ्या धातूच्या ओतीव आकृत्या. 18 जूनला नेपोलियनविरुद्धच्या लढाईत, वॉटर्लूच्या मैदानात, या पलटणीचे सुमारे 400 स्वार होते. आम्ही एक आकृती साधारण 33 स्वारांच्या जागी धरतो, म्हणून बारा. आमच्या नियमांत या तुकडीची रुंदी 150 मिमी यायला हवी होती. मी 50 बाय 50 मिमीचे सहा बेस घेतले, प्रत्येकावर दोन घोडे, तीन-तीन बेसच्या दोन रांगा. कागदावर हिशेब चोख होता.

हिशेब मी केला तो रुंदीचा. लांबी मोजलीच नाही. माझ्या बारापैकी आठ घोडे चौखूर उधळलेले होते, आणि असा घोडा नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत 62 मिमी भरतो. 50 मिमीच्या बेसवरून 12 मिमी घोडा बाहेर लोंबणार, हे कळायला पट्टी एकदा आडवी ठेवायची फक्त तसदी होती. मी ती घेतली आकृत्या रंगवून, चिकटवून, गवत लावून झाल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त इथे वरातीमागून बेस आला.

आधी घोड्यांच्या रंगाचं सांगतो, कारण खरं घोडं तिथेच पेंड खात होतं.

पलटणीचं नावच ग्रेज, म्हणजे करडे, म्हणून मी सगळ्यांना पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारला, त्यावर खाचांत उतरणारा पातळ काळा वॉश सोडला आणि उंचवट्यांवर पुन्हा शुद्ध पांढरा ओढला. बारा घोडे, एकच कृती. आता करडा घोडा म्हणजे काय, हे समजून घ्यायची गरज मला वाटलीच नव्हती. असा घोडा जन्मतः करडा नसतो. शिंगरू तपकिरी, तांबडं किंवा काळं जन्मतं आणि वर्षागणिक त्याच्या अंगावरचे केस पांढरे होत जातात. चेहरा बहुधा आधी उजळतो, पाय मागे राहतात. म्हणून तरुण करड्या घोड्याचे गुडघे आणि मागच्या पायांचे सांधे काळपट, आयाळ गडद, आणि अंगावर फिकट गोल ठशांची जाळी दिसते. म्हातारा होता होता तो जवळजवळ पांढरा होतो, काहींच्या अंगावर तांबूस बारीक शिंतोडे उठतात. पण केसांखालची कातडी शेवटपर्यंत काळीच राहते. नाकपुड्या, ओठ, डोळ्यांभोवतीची कड, जिथे केस विरळ तिथे काळं डोकावतं.

आपल्या भाषेनं हा भेद केव्हाच केलेला आहे. नुकरा तो गुलाबी कातडीचा खरा पांढरा घोडा, आणि सबजा तो करडा. मी बारा नुकरे रंगवून त्यांना सबजे म्हणत बसलो होतो.

शिवाय एका पलटणीत सगळ्या वयाचे घोडे असणार. चार वर्षांचा आणि चौदा वर्षांचा घोडा शेजारी उभे असतील तर दोघंही करडे, पण रंग सारखा नाही. टेबलावरचा तो गठ्ठा मोडायची चावी इथेच होती. मी वाटणी ठरवली: चार घोडे मध्यम राखाडी, जाळीदार, सहा फिकट, काळपट पायांचे, दोन जवळजवळ पांढरे. अशी नोंद कुठल्या दप्तरात आहे म्हणून नव्हे, डोळ्याला पटते म्हणून.

रंग उतरवायचे होते फक्त चारांचे, म्हणजे जाळीदारांचे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवून जुन्या टूथब्रशनं घासले की धातूवरचा ॲक्रिलिक रंग निघतो. पण स्वार आणि घोडा मी आधीच एकत्र चिकटवले होते. उघड्या केलेल्या घोड्यावर रंगवलेला स्वार कसा वाचवायचा? चारांपैकी दोन स्वार खोगिरावरून अलगद सुटले. उरलेले दोन घोड्याबरोबरच अल्कोहोलमध्ये गेले. त्यांचे गाल पुन्हा रंगवताना माझ्या तोंडून काय काय निघालं, ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून स्वार आणि घोडा वेगवेगळे रंगवतो. स्वार बाटलीच्या बुचावर, घोडा पोटात टोचलेल्या तारेवर, आणि दोघांची गाठ शेवटी.

जाळीचा पहिला प्रयोग फसला. मी फिकट अंगावर गडद ठिपके दिले आणि बिबट्या तयार झाला. ब्रश ठेवून पुन्हा फोटो बघितले तेव्हा उमजलं की ठिपका गडद नसतोच. ठिपका फिकट असतो, त्याच्याभोवतीची जाळी गडद. म्हणजे उलटीकडून जायला हवं. आधी सगळं अंग मध्यम राखाडी, त्यात चिमूटभर तपकिरी, कारण नुसती काळ्या-पांढऱ्याची राखाडी सिमेंटसारखी दिसते. पाय गुडघ्यांपासून खाली आणखी गडद. मग बारीक ब्रशच्या टोकानं, दुधासारख्या पातळ फिकट राखाडीनं, पुठ्ठ्यावर, कुशीवर आणि खांद्यावर ठिपके, एकमेकांना न चिकटणारे, लहानमोठे, ओळीत कधीच नाहीत. वाळल्यावर काही ठिपक्यांच्या मध्यात आणखी फिकट थेंब. शेवटी सगळ्यावर पाणीदार राखाडीचा एक हात, म्हणजे ठिपके वर ठेवल्यासारखे न दिसता अंगात मुरल्यासारखे दिसतात. हा शेवटचा हात नसेल तर घोड्याला देवी आल्यासारखं वाटतं.

बाकीच्या आठांना उघडं न करता वाचवता आलं. सावल्यांतल्या काळ्या रेघा उबदार करड्यानं झाकल्या, पोटाखाली आणि मांड्यांच्या मध्ये किंचित निळसर छटा दिली, शुद्ध पांढरा फक्त मानेच्या वरच्या कडेवर आणि पुठ्ठ्याच्या माथ्यावर राहू दिला. नाकपुड्यांभोवती काळपट राखाडी, तिची कड ओल्या ब्रशनं अंगात विरघळवलेली. दोन म्हाताऱ्यांवर तांबूस शिंतोडे. आणि डोळे सरळ काळे, वर एक सूक्ष्म चमक. आधी मी घोड्यांना माणसासारखा डोळ्याचा पांढरा भाग काढला होता, त्यामुळे बाराच्या बारा घोडे भूत बघितल्यासारखे दिसत होते.

खूर हा लहान मुद्दा, पण चुकला की खटकतो. कातडी काळी तिथे खूर गडद. पायाला जन्माचा पांढरा मोजा असेल तर त्याखालची कातडी गुलाबी आणि खूर फिकट. करड्या घोड्याचं सगळं अंगच पांढरं झालेलं असल्यामुळे मोजा दिसत नाही, पण फिकट खूर त्याची खूण सांगतो. मी एका घोड्याचा एकच खूर फिकट ठेवला. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. माझ्या आहे.

स्वारांना फारसा हात लावला नाही. फक्त लाल कोटावरचे गुलाबी झालेले उंचवटे झाकले. लाल उजळायला पांढरा मिसळला की गुलाबी होतो, नारिंगी मिसळावा, हे मी दर वेळी नव्यानं शिकतो. अस्वलाच्या कातडीच्या टोप्यांवर काळ्यातून अगदी गडद तपकिरीच्या बारीक रेघा दिल्या, कारण निव्वळ काळा रंग या आकारात भोक पडल्यासारखा दिसतो.

एक गोष्ट मात्र मनाशी कबूल करावी लागली. खेळताना आपण आपलं घोडदळ पाहतो ते मागून आणि वरून. माझ्या बाजूनं दिसतो घोड्याचा पुठ्ठा, शेपूट, स्वाराची पाठ आणि बेस. स्वाराचा चेहरा दिसतो तो प्रतिस्पर्ध्याला, तेही त्याने वाकून पाहिलं तर. मी वेळ नेमका उलटा वाटला होता. स्वाराच्या तोंडावर तास, घोड्याच्या पाठीवर मिनिटं आणि बेसवर उरलासुरला हिरवा भुसा.

आता बेस.

पहिल्यांदा वापरलेलं एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) 2 मिमी जाडीचं होतं. त्याच्या एकाच बाजूला मी पांढरा गोंद आणि वाळू जाड थापली. गोंदातलं पाणी वरच्या बाजूत मुरलं, मग वाळताना गोंद आकसला आणि त्यानं कोपरे वर ओढले. खालची बाजू कोरडीच, तिचा प्रतिकार शून्य. या खेपेला 3 मिमीचे तुकडे घेतले, दोन्ही बाजूंना पातळ गोंदाचा हात दिला आणि जाडजूड पुस्तकांखाली दोन दिवस ठेवले. तळाला चुंबकी पत्रा. सहापैकी सहा सपाट राहिले.

मापाचा प्रश्न भिडूशी बोलून सुटला. नियमाला फिकर रुंदीची, खोलीची नाही. म्हणून रुंदी 50 ठेवून खोली 60 मिमी केली. तरी 62 चा घोडा 60 वर मावत नाहीच. पण घोडा थोडा तिरका उभा केला, पाचसात अंशांनी, की त्याची लांबी जरा कमी भरते आणि ताठ कवायत मोडते. शिवाय दोन घोडे बरोबरीनं न ठेवता एक 8 मिमी पुढे सरकवला. पुढे सरकलेल्या घोड्याचं नाक बेसबाहेर जातं, पण त्याच्या पुढच्या बेसवर त्याच जागी मागे शेपूट येणार नाही, अशी मांडणी केली. प्रत्येक बेसच्या मागच्या काठावर क्रमांक लिहिला. क्रमांकानं लावले तर रांगा चिकटून बसतात, कसेही लावले तर पुन्हा तोंड-शेपटाची धक्काबुक्की.

चिकटवण्याआधी सगळे घोडे चिकटमातीच्या गोळ्यांवर तात्पुरते उभे करून पाहिले. हे अर्ध्या तासाचं काम. आधी केलं असतं तर हा लेखच झाला नसता.

उधळलेल्या घोड्यांबद्दल एक मत. घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात हे 1878 मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराच्या फोटोंनी दाखवलं, आणि ते सुटतात पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढचे पुढे आणि मागचे मागे ताणलेले असताना नव्हे. जुन्या चित्रांतली ती ताणलेली झेप बऱ्याच ओतीव आकृत्यांत अजून टिकून आहे. दिसते झोकदार, पण घोडा लांब होतो आणि जमिनीला चिकटायला उरतात दोन काडीएवढे पाय. त्यात लेडी बटलर या चित्रकर्तीच्या 1881 च्या चित्रामुळे स्कॉट्स ग्रेज म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चौखूर लाटच येते. प्रत्यक्षात आदल्या रात्रीच्या पावसानं जमिनीचा राडा झाला होता, आणि त्यांना आपल्याच पायदळाच्या मधून वाट काढत उतारावर उतरायचं होतं. पहिली धडक चालत किंवा दुडक्या चालीनं बसली असं मानायला जागा आहे. वेग आला तो नंतर, फ्रेंच तोफांच्या रांगेकडे जाताना, आणि तिथून दमलेल्या घोड्यांवर परतताना फ्रेंच भालाईतांनी त्यांना गाठलं. म्हणून दुडक्या चालीचे माझे चारही घोडे मी पुढच्या रांगेत आणले. ते आखूड असल्यामुळे मागच्यांना जागाही मिळाली.

जुन्या बेसवरून घोडे सोडवताना दोन पाय तुटले. एमडीएफ पाण्यात भिजवलं की ते फुगतं आणि आकृती आपोआप सुटते. मला हे माहीत होतं, तरी घाई करून दोन घोडे हातानं पिळले. खुराच्या वर मोडलेला पाय नुसत्या सुपरग्लूनं धरत नाही, घोड्याचं आणि स्वाराचं सगळं वजन त्या एका टिंबावर येतं. हातड्रिलनं दोन्ही तुकड्यांत अर्ध्या मिमीचं भोक आणि त्यात पितळी तार. दीड-दोन मिमी जाडीच्या पायात सरळ भोक पाडणं म्हणजे श्वास रोखून करायचं काम. एक सरळ पडलं, एक तिरकं. तो दुसरा घोडा अजून डावीकडे झुकतो.

तलवारीही सरळ केल्या. 1796 च्या नमुन्याची ही जड घोडदळाची तलवार सरळ पात्याची, त्यामुळे वाकलेली एकही लपत नाही. आणि रांगा एकमेकींवर आदळून माझ्या पाच वाकल्या होत्या.

जमिनीसाठी गोंद, वाळू आणि गडद तपकिरी रंग एकत्र कालवून लापशीसारखं केलं. रंग आत असला की पुढे कुठे खरचटलं तरी पांढरं दिसत नाही. लापशी ओली असतानाच घोड्यांच्या मागे काडीनं खुरांचे ठसे उठवले आणि मागच्या कडेला चिखल किंचित वर ढकलला, कारण उधळलेला खूर माती मागे फेकतो. वाळल्यावर ठशांच्या तळाशी चकचकीत वार्निशचा एकेक थेंब. पाणी साचलं.

त्या उतारावर राय नावाचं धान्य उभं होतं, जूनमध्ये उंच वाढलेलं. मी काथ्याचे तंतू कापून, फिकट पिवळट हिरवे करून लावले. पहिल्या बेसवर ते उभे लावले आणि ते सुरेख दिसले. मग लक्षात आलं की घोडदळ तिथे पोचेपर्यंत दुपार झालेली, त्याआधी सकाळपासून पायदळ तिथेच वावरत होतं. उभं काय राहणार! सगळे उपटले आणि आडवे, घोड्यांच्या दिशेनं लोळवून चिखलात दाबले. पुढच्या काठाला चारदोन वाकडी ताटं उभी सोडली. मागच्या रांगेच्या बेसवर चिखल जास्त आणि ताटं कमी, कारण पुढच्यांनी तुडवलेल्या जागेवरूनच मागचे येणार.

याच हिशेबानं घोड्यांवर चिखल उडवला. ताठ ब्रशवर पातळ तपकिरी घेऊन नखानं शिंतोडे मारले. पुढच्या रांगेला मागच्या पायांवर आणि पोटाला, मागच्या रांगेला छातीवर, तोंडावर आणि स्वारांच्या गुडघ्यांवरही, कारण पुढच्या खुरांची माती त्यांच्या अंगावर येणार. करड्या घोड्यावर हा चिखल जेवढा उठून दिसतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच रंगावर नाही. खडूचे घोडे खऱ्या अर्थानं मोडले ते इथे.

इतकं झाल्यावर मी दमट हवेत मॅट वार्निशचा फवारा मारला. हो, दमट आहे हे दिसत असताना. वाळल्यावर टोप्यांवर आणि लाल कोटांवर पांढुरकं धुकं बसलं. मजा म्हणजे घोड्यांवर ते दिसतच नव्हतं. फवारा जाड बसला की किंवा हवेत ओल असली की हे होतं. घाबरून रंग खरवडू नये. मी सगळ्यांना ब्रशनं चकचकीत वार्निशचा एक हात दिला, धुकं नव्वद टक्के गेलं, आणि कोरड्या दिवशी पातळ मॅट ब्रशनंच लावलं. दोन टोप्यांवर मात्र ते राहिलं, तिथे पुन्हा काळा रंग.

ग्रेजमधल्या सार्जंट यूअर्टची, फ्रेंच 45 व्या पायदळ पलटणीचा हिसकावलेला गरुड (निशाणाच्या काठीवरचं मानचिन्ह) हातात घेतलेली आकृतीही माझ्याकडे आहे. भिडूचा आग्रह होता की ती पहिल्या रांगेत हवी. मी ठेवली नाही. गरुड हाती लागल्यावर त्याला तो घेऊन मागे पाठवलं होतं, हल्ल्याच्या रांगेत तो गरुड मिरवत नव्हता. ती आकृती वेगळ्या गोल बेसवर एकटी आहे, आणि तुकडीनं शत्रूची पलटण फोडली की आम्ही ती टेबलाच्या मागच्या कडेला ठेवतो.

पुढच्या खेळात तुकडी पुन्हा उतरली. रांगा चिकटून बसल्या, 150 मिमी अचूक. भिडूनं याही वेळी मोजपट्टी घेतली, वाकला आणि विचारलं, "तो डावीकडचा घोडा लंगडतोय का रे?"

मग पहिल्याच फेरीत फासे असे पडले की माझे ग्रेज जागचे हललेच नाहीत, आणि दुसऱ्या फेरीत तोफेच्या एका माऱ्यात क्रमांक तीनचा बेस टेबलाबाहेर गेला. लंगडा घोडा त्यावरच होता.

तिरकं पडलेलं ते भोक बुजवून पुन्हा पाडावं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. तार कापायची तर खूर बेसमधून काढावा लागेल, आणि त्याच्याभोवतीचा चिखल या खेपेला फार छान जमलाय.